विचाराधीन कागद

२००५ च्या नोव्हेंबरात मी बार्शीहून दिल्लीला जाऊन केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात 'सहायक' या पदावर रुजू झाले, तेव्हा पहिले तीन दिवस माझ्यापुढे जे कागद आले ते सगळे माझ्याचबद्दलचे होते. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा मी पुण्याच्या केंद्रावर दिली होती, मुलाखत मुंबईला झाली होती, आणि निकाल लागल्यापासून नेमणुकीचे पत्र हाती पडेपर्यंत वर्ष उलटले होते. त्या वर्षात पोलीस ठाण्यातले हवालदार चारित्र्य पडताळणीसाठी घरी येऊन चहा घेऊन गेले आणि सरकारी रुग्णालयात डोळे, छाती, वजन तपासून झाले. आता संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घेतली, तिच्या नमुन्यावर सही केली आणि माझे सेवापुस्तक उघडण्यात आले. त्यात उंची लिहिली गेली, डाव्या भुवईवरचा व्रण ओळखखूण म्हणून नोंदवला गेला, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे घेतले गेले. ठसे घेता घेता आस्थापनेच्या लिपिकाने सहज सांगितले की १ जानेवारी २००४ पासून रुजू होणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, आता पगारातून अंशदान कापून घेणारी नवी योजना आहे. चौथ्या दिवशी मला काम मिळाले ते निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहण्याचे.

माझे वडील पंचायत समितीत नोकरीला होते, त्यामुळे सरकारी भाषा मी लहानपणापासून ऐकलेली होती. पण ती 'नस्ती', 'टिप्पणी', 'आवक-जावक' आणि 'मान्यतेस्तव सादर' यांची भाषा होती. दिल्लीत नस्तीला फाइल म्हणत, टिप्पणी बहुधा इंग्रजीत लिहीत, बोलणे हिंदीत चाले, आणि ज्याच्या टेबलावर प्रकरण असेल त्याला 'डीलिंग हँड' म्हणत. सहायकाच्या वर सेक्शन ऑफिसर, मग अवर सचिव, मग उपसचिव किंवा संचालक, मग सहसचिव, आणि आमच्या सेक्शनला सहसा न दिसणारे अपर सचिव आणि सचिव, अशी ही उतरंड आहे. भारतीय प्रशासकीय सेवेतले अधिकारी आम्हाला उपसचिव-संचालकाच्या पातळीपासून पुढे भेटत, आणि तेही आपापल्या राज्यातून काही वर्षांसाठी आलेले असत. खालचा सगळा भाग केंद्रीय सचिवालय सेवेचा. वरचे अधिकारी बदलतात आणि मागे काय घडले ते खालच्यांना विचारतात, ही व्यवस्था मला पहिल्या आठवड्यातच दिसली. मात्र तिच्यात खालच्यांच्या हाती किती सत्ता येते, हे लक्षात यायला पुढे बरेच महिने जावे लागले.

फाइल कशी असते हे शिकायला मला दोन दिवस लागले, आणि तिच्यात लिहावे कसे हे शिकायला जवळजवळ एक वर्ष. पुठ्ठ्याच्या आवरणात डाव्या बाजूला हिरवट कागदावरच्या टिप्पण्या आणि उजव्या बाजूला पत्रव्यवहार. दोन्हीकडे पानांना वेगवेगळे क्रमांक. ज्या पत्रावर सध्या निर्णय हवा आहे तो 'विचाराधीन कागद', त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे पी.यू.सी. म्हणत. त्याला पताका, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लावायची, संबंधित नियमाच्या छायाप्रतीला दुसरी पताका, आधीच्या निर्णयाला तिसरी, आणि टिप्पणीच्या समासात त्या त्या पताकेचा उल्लेख करायचा. टिप्पणीतल्या परिच्छेदांना सलग क्रमांक द्यायचे. आधीच्या माणसाने लिहिलेले खोडायचे नाही, त्यावर कागद चिकटवायचा नाही; पटत नसेल तर खाली आपले म्हणणे लिहायचे आणि सही, तारीख घालायची. या शेवटच्या नियमाकडे मी तेव्हा शिष्टाचार म्हणूनच पाहिले.

फेब्रुवारी २००६ मध्ये माझ्याकडे जे प्रकरण आले ते एका दुय्यम कार्यालयातून निवृत्त झालेल्या चौकीदाराचे होते. तो एप्रिल १९६९ मध्ये एका प्रकल्प कार्यालयात लागला. सप्टेंबर १९७५ मध्ये ते कार्यालय बंद होऊन त्याचे पद गेले, नऊ महिने तो घरी बसला आणि जुलै १९७६ मध्ये त्याच मंत्रालयाच्या दुसऱ्या कार्यालयात पुन्हा चौकीदार झाला. डिसेंबर २००४ मध्ये साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला. त्या काळी निवृत्तिवेतन ठरायचे ते शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्म्यावर, पण ते निम्मे पूर्ण मिळण्यासाठी तेहतीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा लागत असे. सेवा सहामाहींत मोजत, म्हणजे पूर्ण निवृत्तिवेतनाला सहासष्ट सहामाह्या. कार्यालयाने दुसऱ्या नोकरीच्या सत्तावन्न धरल्या आणि पहिल्या नोकरीच्या तेरा, मधला खंड दाखवून, सोडून दिल्या. त्याने अर्ज केला, कार्यालयाने तो वर पाठवला, आणि सोबतच्या पत्रात लिहिले की प्रकरण सहानुभूतीचे आहे, तरी नियम शिथिल करून हा खंड क्षमापित, म्हणजे माफ, करावा.

मी दीड दिवस खपून तीन पानांची टिप्पणी लिहिली. त्यात चौकीदाराचे वय होते, त्याच्या चौतीस-पस्तीस वर्षांच्या चाकरीचा उल्लेख होता, कल्याणकारी राज्य होते, आणि शेवटी १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या शिथिलीकरणाच्या नियम ८८ खाली निवृत्तिवेतन विभागाची सहमती मागावी असा प्रस्ताव होता. आमचे सेक्शन ऑफिसर मूळचे गढवालचे, कनिष्ठ लिपिकापासून चढत आलेले. त्यांनी टिप्पणी शांतपणे वाचली आणि तिन्ही पाने फाइलला टाचण्याआधीच माझ्याकडे परत दिली. "सर्विस बुक कहाँ है?" एवढेच त्यांनी विचारले. सेवापुस्तक आमच्याकडे नव्हते, दुय्यम कार्यालयाने ते पाठवलेच नव्हते, आणि ते मागवावे हे मला सुचले नव्हते. "माणसाबद्दल काय वाटते ते नंतर लिहू," असे काहीसे ते हिंदीत म्हणाले, "आधी कागद काय म्हणतो ते बघू." मला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. एका गरीब माणसाच्या बाजूने मी लिहिले आणि हे गृहस्थ वही मागत बसले आहेत, असे मी त्या संध्याकाळी वडिलांना फोनवर सांगितले. वडिलांनी सेक्शन ऑफिसरांचीच बाजू घेतली.

सेवापुस्तक येईपर्यंत सात आठवडे गेले, आणि त्याच काळात मला सचिवालय प्रशिक्षण व व्यवस्थापन संस्थेत पाठवण्यात आले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या जुन्या आवारातली ही संस्था १९४८ मध्ये सचिवालय प्रशिक्षण शाळा म्हणून सुरू झालेली. स्वातंत्र्याबरोबर अनुभवी माणसे एकदम कमी झाली आणि कामे एकदम वाढली, त्या घाईतून ती निघाली. तिथे इतिहासाचीही काही व्याख्याने होती. १८५४ च्या मेकॉले समितीमुळे भारतातल्या सनदी सेवेत (आयसीएस) शिफारशीवर होणाऱ्या नेमणुका जाऊन स्पर्धा परीक्षा आली. ती लंडनलाच होत असल्यामुळे १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर निवडले जाईपर्यंत तिच्यातून एकही भारतीय आत गेला नव्हता, आणि त्यांची नोकरी आमच्या मुंबई इलाख्यात झाली. भारतात ही परीक्षा व्हायला १९२२ साल उजाडले, केंद्र अलाहाबाद. लोकसेवा आयोग आला तो १ ऑक्टोबर १९२६ रोजी. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर व्याख्यात्यांनी मला चिंतामणराव देशमुखांबद्दल विचारले. आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा देणारे, इतके मी सांगू शकले.

मला त्या व्याख्यानांत एक गोष्ट खटकली. सगळा इतिहास वरच्या हजारभर माणसांचा होता. १८६४ पासून दर उन्हाळ्यात सरकार सिमल्याला जाई आणि थंडीत परत येई; त्या प्रवासासाठी फायली बांधणारे, त्यांची यादी करणारे आणि डोंगरावर त्या पुन्हा सोडून क्रमाने लावणारे कारकून कोण होते, याबद्दल एक वाक्यही कोणी बोलले नाही. सरदार पटेलांचे १० ऑक्टोबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण मात्र आम्हाला सविस्तर वाचून दाखवण्यात आले. आपले मत मोकळेपणाने सांगण्याचे स्वातंत्र्य असलेली अखिल भारतीय सेवा नसेल तर हा संघ टिकणार नाही, असे पटेलांचे म्हणणे होते, आणि आपल्या सचिवांनी आपल्याला न पटणारे मतही नोंदवावे अशी त्यांची अपेक्षा होती. माझ्या मनात तेव्हा डाव्या बाजूची हिरवट पाने आली. आधीच्याचे खोडायचे नाही, खाली आपले लिहायचे, हा शिष्टाचार नसून वरिष्ठाशी मतभेद नोंदवून ठेवण्याची सोय आहे, आणि ती सहायकापासून सचिवापर्यंत सगळ्यांना सारखी लागू आहे, हे मला तिथे, दुपारच्या जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वर्गात, उमगले.

परत आले तेव्हा सेवापुस्तक आलेले होते. कडा कुरतडलेले, दोऱ्याने शिवलेले, आणि आत सदतीस वर्षांपूर्वीच्या शाईत एका तरुण माणसाच्या डाव्या हाताचे ठसे. पहिल्या कार्यालयाचे जुने पुस्तकच दुसऱ्या कार्यालयाने पुढे चालवले होते, हे प्रकरणाच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले. सेक्शन ऑफिसरांनी मला ते पहिल्या पानापासून वाचायला लावले आणि फक्त एक गोष्ट शोधायला सांगितली: मधल्या खंडाविरुद्ध कुठे काही लिहिले आहे का? राजीनामा, बडतर्फी, सेवेतून काढणे, संपातला सहभाग, यांपैकी काहीही? मी दोनदा वाचले. पद संपुष्टात आल्यामुळे कार्यमुक्त, एवढीच नोंद होती, आणि पुढच्याच पानावर नव्या नेमणुकीची.

मग त्यांनी नियमांचे पुस्तक नियम २८ वर उघडून माझ्यापुढे सरकवले. सेवापुस्तकात विरुद्ध अशी स्पष्ट नोंद नसेल तर सरकारी नागरी सेवेच्या दोन कालखंडांमधला खंड आपोआप क्षमापित झाला असे समजावे आणि खंडापूर्वीची सेवा अर्हताकारी धरावी, असा तो नियम. राजीनामा, बडतर्फी, सेवेतून काढणे आणि संप यांना तो लागू नाही. आणि खुद्द खंडाचा काळ, म्हणजे आमचे नऊ महिने, सेवेत धरायचा नाही. म्हणजे शिथिल करण्यासारखे काही नव्हतेच. जे नियमाने त्या माणसाला दिलेले होते तेच दुय्यम कार्यालय दयेने मागत होते, आणि मीही तीन पानांत तीच दया मागितली होती. माझी टिप्पणी त्या रूपात वर गेली असती आणि सहमती नाकारली गेली असती, तर फाइलवर कायमचा नकार बसला असता आणि पुढच्या प्रत्येकाने त्या नकाराकडे बोट दाखवले असते.

एक गाठ अजून होती. पहिल्या सेवेच्या शेवटी त्याला काही उपदान (ग्रॅच्युइटी) दिले गेले असेल, तर आधीची सेवा मोजताना ते परत करण्याचा प्रश्न येतो. त्यासाठी लेखा कार्यालयाला लिहावे लागले. उत्तराला आणखी पाच आठवडे लागले. ते दोन ओळींचे होते आणि त्यात उपदान दिल्याची नोंद आढळत नाही असे होते. प्रशासनाला लोक ज्या दिरंगाईबद्दल शिव्या देतात तिच्यातला काही भाग हा असा असतो. ही विचारणा केली नसती तर कोणी तरी पुढे आक्षेप घेऊन वसुली काढली असती, त्यामुळे ते पाच आठवडे मला आजही वाया गेलेले वाटत नाहीत. पण सेवापुस्तकाचे सात आठवडे निव्वळ आळसाचे होते, आणि त्याहून मोठा आळस आधीचा. तेव्हाच्या नियम ३२ प्रमाणे पंचवीस वर्षांची सेवा झाली की, किंवा निवृत्तीला पाच वर्षे उरली की, यांतले जे आधी येईल तेव्हा, कार्यालय प्रमुखाने अर्हताकारी सेवेची पडताळणी करून कर्मचाऱ्याला लेखी कळवायचे असे. या चौकीदाराला तसे पत्र कधीच गेले नव्हते. ते गेले असते तर हा वाद तो नोकरीत असतानाच, ओळखीच्या लिपिकासमोर उभा राहून, सुटला असता.

माझी दुसरी टिप्पणी सव्वा पानाची झाली. विचाराधीन कागद काय मागतो. वस्तुस्थिती काय, सेवापुस्तकाच्या कोणत्या पानावर. नियम काय म्हणतो. म्हणून काय प्रस्तावित आहे. विशेषण एकही नव्हते. सेक्शन ऑफिसरांनी खाली फक्त सही केली, आणि त्यांच्या हाताखाली ती मोठीच पावती समजली जाई. अवर सचिवांनी मात्र एक ओळ वाढवली: खबरदारी म्हणून निवृत्तिवेतन विभागाचे मत घ्यावे. हे गृहस्थ वाईट नव्हते. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर आपल्याकडे दुसऱ्या विभागाचा शेरा असावा, इतकीच त्यांची इच्छा होती, आणि सचिवालयातल्या कितीतरी फायली एवढ्याच इच्छेपायी तो विभाग तेव्हा जिथे होता त्या खान मार्केटजवळच्या लोकनायक भवनापर्यंत जाऊन परत येत.

फाइल संचालकांकडून तिसऱ्या दिवशी खाली आली. अवर सचिवांच्या ओळीसमोर, समासात, पेन्सिलीने नव्हे तर शाईने, एक शब्द लिहिलेला होता: 'क्यों?' सगळे पान इंग्रजीत, आणि तेवढा एकच शब्द देवनागरीत. आमच्या सेक्शनमध्ये त्या शब्दावर दोन दिवस चर्चा झाली. प्रश्नाचे उत्तर फाइलवर द्यावेच लागते, आणि 'खबरदारी' याला फाइलवर लिहिता येईल असे कारण सापडेना. शेवटी अवर सचिवांनीच लिहिले की नियम स्वयंस्पष्ट असल्याने विचारणेची आवश्यकता नाही, आणि प्रस्ताव पुन्हा वर गेला. वित्तीय सल्लागारांच्या शाखेची सहमती, सहसचिवांची मान्यता, हे सगळे त्यानंतर आठवड्याभरात झाले. अशा साध्या फाइलला पाच-सहा सह्या का लागाव्यात, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. फाइल चारपेक्षा जास्त पातळ्यांवरून नेऊ नये अशी मोहीम केंद्राने २०२१ मध्ये हाती घेतली. माझ्या अनुभवात पातळ्यांच्या संख्येपेक्षा 'क्यों?' विचारणारा त्या पातळ्यांत कुठे बसला आहे, यानेच फरक पडला.

मंजुरीच्या पत्राचा मसुदा मी केला. त्याची सुरुवात ठरलेली असते: मला असे कळवण्याचा आदेश आहे की राष्ट्रपतींनी मंजुरी दिली आहे. पहिल्यांदा हे टंकताना मला हसू आले होते. एका चौकीदाराच्या सहामाह्या राष्ट्रपतींनी मोजल्या, असे ते वाचायला वाटे. पण संविधानाच्या अनुच्छेद ७७ प्रमाणे केंद्राची सगळी कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने व्यक्त होते, आणि कोणते काम कोणत्या मंत्रालयाचे व ते कोणत्या पातळीवर निकालात निघावे, हे त्याच अनुच्छेदाखाली केलेल्या १९६१ च्या नियमावल्यांतून ठरते. महाराष्ट्रातल्या शासन निर्णयांच्या तळाशी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे छापलेले असते, ते याचेच राज्यातले रूप. लहानपणापासून ते वाचत आले होते, त्याचा अर्थ दिल्लीत कळला. पत्रावर सही अवर सचिवांची. लिहिणारीचे नाव कुठेही नाही. सत्तावन्नाच्या जागी सहासष्ट सहामाह्या झाल्या, तेराच्या जागी नऊच कामी आल्या कारण सहासष्टच्या पुढे मोजत नाहीत, आणि सुधारित आदेश लेखा कार्यालयामार्फत बँकेकडे गेला.

याच सुमारास माहितीच्या अधिकाराचे अर्ज येऊ लागले होते. कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला होता, म्हणजे मी रुजू होण्याच्या महिनाभर आधी. त्यामुळे जुन्या लोकांना जो धक्का होता तो मला नव्हता. वाद होता टिप्पण्यांचा. निर्णय दाखवू, पण डाव्या बाजूची पाने का दाखवायची, असे सचिवालयातल्या बहुतेकांचे मत होते. केंद्रीय माहिती आयोगाने जानेवारी २००६ मध्ये टिप्पण्या ही माहितीच आहे असे सांगितले, जुलैमध्ये मंत्रिमंडळाने त्या वगळणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली, आणि ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले. त्या दिवसांत आमच्या सेक्शनमधला प्रत्येक जण मला, जणू मी आळंदीचीच असल्याप्रमाणे, "आपके अण्णा" काय म्हणतात ते विचारी. दुरुस्ती मागे पडली. सप्टेंबरात चौकीदाराच्या मुलाचा अर्ज दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह आला: वडिलांच्या प्रकरणातल्या सगळ्या टिप्पण्यांच्या प्रती मिळाव्यात. उशिराबद्दल व्याज मागता येईल का, हे त्याला बहुधा पाहायचे होते.

पानामागे दोन रुपयांप्रमाणे पैसे भरून घेऊन त्या प्रती मीच काढल्या. छायाप्रतीत हिरवा कागद राखाडी झाला होता. माझे सव्वा पान, अवर सचिवांची ओळ, आणि समासातला तो शब्द, सगळे स्पष्ट उमटले. माझी पहिली तीन पाने त्यात नव्हती, कारण ती फाइलला कधी टाचलीच गेली नव्हती. सेक्शन ऑफिसरांनी ती परत दिली तेव्हा मला राग आला होता, आणि आता बरे वाटत होते; पण याच गोष्टीतली वाईट बाजूही मी त्यानंतरच्या वर्षांत पाहिली. टिप्पण्या उघड होतात म्हटल्यावर काही अधिकारी कारणे लिहिणे टाळू लागले. 'चर्चेप्रमाणे' हा एक शब्द लिहून ते फाइल पुढे ढकलत, आणि चर्चा कुणाशी, कशावर, हे फाइलला कळत नसे. ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरची फाइल, आल्यावर हे थोडे कमी झाले. त्यात पिवळी टिप्पणी मसुद्यासारखी बदलता येते, पण एकदा हिरवी करून पुढे पाठवली की कुणालाच हात लावता येत नाही, आणि ती कुणाच्या खात्यात किती दिवस पडून होती तेही दिसते. समास मात्र त्यात नाही. कडेला एक शब्द लिहून खाली ढकलण्याची सोय गेली; आता प्रश्नही टिप्पणी म्हणून क्रमांकासह लिहावा लागतो, आणि माझ्या पाहण्यात तो कमी लिहिला जातो.

२०१६ मध्ये आमच्या सेक्शनमधल्या जुन्या कागदी फायलींचा निकाल लावण्याचे काम माझ्याकडे आले. दहा वर्षांत माझी खुर्ची तीच होती, पदाचे नाव तेवढे बदलून 'सहायक अनुभाग अधिकारी' झाले होते. फाइल बंद करताना तिला वर्ग द्यायचा असतो: 'अ' आणि 'ब' वर्गातल्या फायली कायम ठेवायच्या आणि पंचवीस वर्षांनंतर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या हवाली करायच्या, 'क' वर्गातल्या फार तर दहा वर्षे. चौकीदाराच्या फाइलवर मीच २००६ मध्ये 'क-१०' लिहिले होते. तिच्यात धोरणाचा प्रश्न नव्हता, नवा पायंडा नव्हता, न्यायालयात काही प्रलंबित नव्हते. मुलाला व्याज मिळाले नव्हते, आणि पुढे त्याने अपीलही केले नव्हते. मी डावी बाजू एकदा शेवटपर्यंत उलटून पाहिली, यादीत तिच्यापुढे 'नष्ट करण्यास हरकत नाही' असे लिहिले, आणि त्याखालचा क्रमांक घेतला.